ब्लूटंगचा (चिलटांमुळे पसरणाऱ्या मेंढ्यांच्या विषाणूजन्य रोगाचा) माग काढायचाय? आधी एवढंच कर
मॅपिंग सॉफ्टवेअर, जिनोम वगैरे सध्या बाजूला ठेव रे, पहिले नोंदी नीट करायला शीक. सगळे नवीन लोक रिपोर्टची तारीख लिहितात, तीच चूक. मेंढीचं तोंड कधी सुजलं, लंगडायला कधी लागली ते धनगराला विचार, आणि त्याआधी कळप कुठंकुठं बसवला होता तेही, कारण विषाणू चिलटांबरोबर जातो तसा कळपाबरोबरही जातो.

- पीसीआर (विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय अंश, शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह म्हणजे ताजी लागण असं नाही, तो आरएनए रक्तात महिनोन्‌महिने सापडतो.
- नुसतं 'ब्लूटंग' लिहू नकोस, सिरोटाइप (विषाणूचा नंबरवार उपप्रकार) लिही, कारण एकाची लस दुसऱ्याला चालेलच असं नाही. २०२३ ला नेदरलँड्समध्ये ३ नंबरचा आला, ८ नंबरची लस असून काय उपयोग!

तपासणीचं रक्त ईडीटीए ट्यूबमध्ये (त्यात रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत) घे, थंड ठेव, पण गोठवू नको. बाकीचं पहिले दहा कळप झाले की बोलू.