वय वाढतं तसा धोका किती वाढतो? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं

विमागणिताच्या कामामुळे माझ्या टेबलावर एक कागद कायम असतो: आयुर्मान तक्ता. सगळ्यात वर १,००,००० बाळं, वय शून्य. खालच्या प्रत्येक ओळीत त्यातले किती जण त्या वयापर्यंत पोचले आणि पुढच्या वर्षभरात किती जातील, हे लिहिलेलं. शंभरीपुढच्या ओळींत मूठभर माणसं उरतात. तुमच्या पत्रांतले बहुतेक प्रश्न या एका कागदावर बोट ठेवून सोडवता येतात, म्हणून आधी त्याची ओळख करून दिली.

प्रश्न: माझं वय ६८. जगाचं सरासरी आयुर्मान ७३ वर्षं आहे असं वाचलं. म्हणजे माझ्याकडे पाचच वर्षं उरली का? असं बोललं की बायको चिडते.

त्यांचं चिडणं रास्त आहे. ७३ हा आकडा तुमचा नाहीच, तो आज जन्मलेल्या बाळाचा आहे. त्या बाळाला पहिला दिवस, पहिला महिना, विशीतले रस्ते, पन्नाशीतलं हृदय, सगळंच अजून पार करायचंय. जे वाटेत लवकर गेले त्यांची वर्षंही त्या सरासरीत मोजलेली असतात, म्हणून ती खाली ओढली जाते. तुम्ही ६८ ओळी मागे टाकल्या आहेत. त्या ओळींतले मृत्यू तुमच्या हिशेबातून कायमचे वजा झाले.

तुमचं बोट ६८ च्या ओळीवर ठेवायचं आणि तिथून पुढची सरासरी काढायची. जगभरात पासष्टीला पोचलेला माणूस सरासरीने आणखी १७ वर्षं जगतो. ६८ ला हा आकडा साधारण १५ होतो. तीही पुन्हा सरासरीच. बरेच जण ती ओलांडून खूप पुढे जातात. घराचं, पैशाचं, औषधपाण्याचं नियोजन पाच वर्षांचं करू नका, वीसचं करा. ७३ च्या आकड्यावर विसंबून पैसे लवकर संपवून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. उतारवयात त्याइतका जाच दुसरा नाही.

हाच घोटाळा जुन्या काळाबद्दलही होतो. स्वीडनमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून देशभराच्या नोंदी आहेत. तिथलं तेव्हाचं सरासरी आयुर्मान चाळिशीच्या आतलं. पण म्हणून लोक पस्तिशीत म्हातारे होत नव्हते. साधारण दर पाच बाळांमागे एक पहिला वाढदिवसही बघत नसे. जो विशीपर्यंत टिकला तो सरासरीने साठीच्या आसपास पोचत असे.

प्रश्न: आमचं बाळ दोन महिन्यांचं आहे. पहिलं वर्ष सर्वांत धोक्याचं असतं असं ऐकल्यापासून रात्री उठून उठून त्याचा श्वास बघते. ही भीती कधी संपणार?

तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, पण अर्धंच. पहिल्या वर्षाचा धोका वर्षभर सारखा पसरलेला नसतो. त्यातला सगळ्यात मोठा भाग पहिल्या २८ दिवसांत येतो, आणि त्या २८ दिवसांतल्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या सात दिवसांत. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना श्वास कोंडणं, जंतुसंसर्ग, जन्मजात व्यंगं ही त्याची मुख्य कारणं. २०२२ मध्ये जगभरात सुमारे २३ लाख बाळं पहिल्या महिन्यात गेली. पाच वर्षांखालच्या एकूण मृत्यूंपैकी ते जवळजवळ निम्मे. तुमचं बाळ तो टप्पा ओलांडून आलंय. त्याच्या ओळीवर बोट ठेवलं तर धोका जन्मदिवसाच्या तुलनेत खूपच खाली आलेला दिसतो.

एका गोष्टीबद्दल मात्र या दोन-चार महिन्यांत खरंच काळजी घ्या. झोपेत अचानक, कारण न कळता होणारे बाळांचे मृत्यू दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वांत जास्त असतात आणि सहा महिन्यांनंतर फार कमी उरतात. यावरचा उपाय इतका साधा आहे की तो प्रत्येक घरात पोचायलाच हवा: बाळाला झोपवताना पाठीवर झोपवा, पोटावर किंवा कुशीवर नको. गादी सपाट आणि घट्ट. उशी, जाड दुलई, मऊ खेळणी जवळ नकोत. बाळाजवळ कुणी धूम्रपान करू नये. १९९० नंतरच्या दशकात अनेक देशांनी 'पाठीवर झोपवा' एवढंच सांगत मोहिमा चालवल्या, आणि तिथे हे मृत्यू निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त घटले. मला माझ्या विषयात याहून आनंदाची घटना फारशी माहीत नाही. लसी वेळेवर द्या, अंगावरचं दूध चालू ठेवा, आणि रात्री थोडं झोपा.

पुढे तर हा धोका घसरतच जातो. संपूर्ण तक्त्यातली सर्वांत सुरक्षित ओळ दहाव्या वर्षाच्या आसपास असते. जिथे बालमृत्यू कमी आहेत अशा देशांत दहा वर्षांच्या मुलाचा वर्षभरातला धोका दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी असतो. तो धोका आयुष्यभर तेवढाच राहिला असता तर माणूस सरासरीने दहा हजार वर्षं जगला असता.

प्रश्न: वय आठ वर्षांनी वाढलं की मृत्यूचा धोका दुप्पट होतो, हे खरं का? मी ४६ चा आहे. वाचून छातीत धस्स झालं.

खरं आहे. बेंजामिन गॉम्पर्ट्झ नावाच्या इंग्रज विमागणित्याने १८२५ मध्ये हे मांडलं. मोठेपणी मृत्यूचा धोका दरवर्षी ठरावीक *संख्येने* वाढत नाही, ठरावीक *पटीने* वाढतो. म्हणजे चक्रवाढ. देशोदेशी दुप्पट व्हायला साधारण सात ते नऊ वर्षं लागतात. दोनशे वर्षांत औषधं बदलली, रोग बदलले, आयुष्य लांबलं, पण हा चढ जवळजवळ तसाच आहे.

आता जिना डोळ्यांसमोर आणा. सोपा म्हणून मी काढलेला, कुठल्या एका देशाचा नाही. तिशीला वर्षभराचा धोका हजारात एक धरू. ३८ ला ५०० त एक. ४६ ला २५० त एक. ५४ ला १२५ त एक. ६२ ला साधारण ६२ त एक, ७० ला ३१ त एक, ७८ ला १६ त एक, ८६ ला आठात एक.

हाच जिना उलट वाचा. ३८ व्या वर्षी पुढचा वाढदिवस बघण्याची तुमची शक्यता ९९.८ टक्के होती. आज ती ९९.६ टक्के आहे. 'दुप्पट' या शब्दाने तुमची झोप उडवली, पण तुमच्या वर्षात एवढाच फरक पडला. छोट्या आकड्याची दुप्पट छोटीच असते. जिन्याच्या वरच्या टोकाला मात्र तसं नाही: ७८ ते ८६ हीसुद्धा एकच पायरी, पण तिथे जगण्याची शक्यता ९४ वरून ८७-८८ टक्क्यांवर येते. म्हणून 'धोका दुप्पट' अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न हाच विचारा: कशाच्या दुप्पट?

वाढ पटीनेच का होते, याचं सगळ्यांना मान्य असं एक उत्तर नाही. शरीराकडे दुरुस्तीच्या अनेक व्यवस्था असतात, एक चुकली तर दुसरी सांभाळून घेते. वय वाढतं तशा त्या एकेक करून थकतात, आणि प्रत्येक थकलेली व्यवस्था उरलेल्यांवर भार टाकते. हे मला सर्वांत पटणारं वर्णन. सगळ्याच प्राण्यांत असं घडत नाही. नेकेड मोल रॅट हा बिळात राहणारा, जवळजवळ केस नसलेला उंदरासारखा प्राणी. पाळलेल्या तीन हजारांहून जास्त प्राण्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा, २०१८ मध्ये, वयाबरोबर त्यांचा मृत्युदर वाढलेला आढळला नाही.

प्रश्न: मुलगा नुकताच १८ चा झाला, त्याला बाइक हवी आहे. घरात रोज वाद. तुमचं गणित काय सांगतं?

दहाव्या वर्षानंतरची रेघ हळूहळू चढत असते, आणि सोळा-सतराच्या पुढे ती अचानक उंचवटा घेते. मुलींमध्ये तो उंचवटा लहान, मुलांमध्ये ठळक. विशीतल्या मुलग्यांचा मृत्युदर अनेक देशांत त्याच वयाच्या मुलींच्या दुपटीहून जास्त असतो. हा आजारांचा उंचवटा नाही. तो अपघात, मारामाऱ्या आणि आत्महत्या यांचा आहे. पाच ते २९ या वयोगटात जगभरातल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण रस्त्यावरचे अपघात आहे. गॉम्पर्ट्झच्या चढात असे मृत्यू बसत नव्हते, म्हणून १८६० मध्ये विल्यम मेकहॅमने त्याच्या सूत्रात वयाशी संबंध नसलेला एक वेगळा भाग जोडला. विमागणिती आजही दोघांची नावं एका दमात घेतात.

बाइक द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. दिलीत तर तीन गोष्टींवर अजिबात माघार घेऊ नका. हेल्मेट, पट्टा लावलेलं, गल्लीच्या टोकापर्यंत जातानासुद्धा. अपघात झालाच तर ते मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी करतं. दुसरं, पहिलं वर्षभर रात्री बाइक नाही. तिसरं, मागे मित्राला बसवायचं नाही. सोबत समवयस्क असले की त्या वयाची मुलं जास्त जोरात हाकतात.

आणि आत्महत्येचं वर लिहिलं ते नुसतं वाचून सोडू नका. मुलगा गप्प गप्प, एकलकोंडा झालेला वाटला तर सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे.

प्रश्न: बायका जास्त का जगतात?

जवळजवळ प्रत्येक ओळीत त्यांचा आकडा कमी असतो, अगदी तान्ह्या वयापासून. काही वाटा जीवशास्त्राचा, बराचसा तंबाखू, दारू, अपघात आणि डॉक्टरांकडे जायची टाळाटाळ यांचा. जगभरात हे अंतर सुमारे पाच वर्षांचं आहे. त्यातलं पुष्कळ पुरुषांना भरून काढता येईल.

प्रश्न: वय ५२. तीस वर्षं सिगारेट ओढतोय. जे व्हायचं ते शरीरात होऊनच गेलं असेल. आता सोडून काय उपयोग?

हा प्रश्न वाचून मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

ब्रिटनमध्ये १९५१ पासून ३४,००० हून जास्त पुरुष डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यू यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात झाली, आणि त्या पन्नास वर्षं ठेवल्या गेल्या. सिगारेट चालू ठेवणारे, न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरीने दहा वर्षं आधी गेले. सोडणाऱ्यांचं काय झालं? तिशीत सोडली त्यांची जवळपास दहाही वर्षं वाचली, चाळिशीत सोडली त्यांची नऊ, पन्नाशीत सोडली त्यांची सहा, आणि साठीत सोडली त्यांचीसुद्धा तीन.

वरच्या जिन्यावर हे कसं दिसतं बघा. दहा वर्षं म्हणजे सव्वा पायरी, म्हणजे जवळजवळ अडीच पट धोका. आज ५२ व्या वर्षी तुम्ही ६२ च्या माणसाच्या ओळीवर उभे आहात. सोडलीत की तुम्ही लगेच ५२ वर परत येत नाही, पण दर वर्षी थोडे थोडे त्या दिशेने सरकता. वय कमी करणारा दुसरा कुठलाही उपाय मला माहीत नाही. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. निकोटिनचे च्युइंगम आणि पट्ट्या आहेत, गोळ्या आहेत, समुपदेशन आहे. एका प्रयत्नात सुटली नाही तर दुसरा करा. सुटलेल्या पुष्कळांनी आधी अनेकदा सोडायचा प्रयत्न केलेला असतो.

प्रश्न: शंभरीनंतर हा जिना कुठपर्यंत चढतो?

इटलीतल्या १०५ वर्षांपुढच्या सुमारे ३,८०० माणसांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये असं मांडलं गेलं की त्या वयानंतर धोका चढायचा थांबतो आणि वर्षाला साधारण निम्म्यावर स्थिरावतो. दर वाढदिवसाला नाणं उडवल्यासारखं. यावर वाद आहे, कारण इतक्या म्हाताऱ्या माणसांच्या वयाच्या नोंदींत थोडी चूक असली तरी निष्कर्ष हलतो.

निम्मा धोका हाही काही दिलासा नव्हे. ११० वर्षांची ४,०९६ माणसं घेतली तर दरवर्षी निम्मी होत होत १२२ पर्यंत एक उरते. फ्रान्सच्या जान कालमाँ यांचं १९९७ मध्ये निधन झालं तेव्हा त्यांचं वय १२२ वर्षं १६४ दिवस होतं. त्यांच्यापुढे आजवर कुणाची खात्रीलायक नोंद नाही.

प्रश्न: आई ८४ वर्षांची आहे. गुडघा बदलायचा सल्ला मिळालाय. ती म्हणते, "आता किती दिवस राहिले माझे? कशाला चिरफाड?" काय सांगू?

आईंच्या ओळीवरून पाच ओळी खाली गेलं तर आज ८४ च्या असलेल्यांपैकी साधारण निम्मे हयात दिसतात, बायकांत निम्म्याहून थोडे जास्त. त्यांच्याशी बोलताना हा आकडा लपवू नका, त्या लहान नाहीत. पण दुखऱ्या गुडघ्याने काढलेली पाच वर्षं आणि चालत्याफिरत्या काढलेली पाच वर्षं यांतला फरकही त्यांच्यासमोर ठेवा.

शिवाय तक्ता आईंना ओळखत नाही. त्यात ८४ च्या सगळ्याच आल्या, अंथरुणाला खिळलेल्याही आणि रोज जिना चढणाऱ्याही. त्या वयात माणूस किती वेगाने चालतो यावरून पुढच्या वर्षांचा अंदाज बराच चांगला बांधता येतो. आईंचं हृदय आणि फुप्फुसं बरी असतील, मन ताजं असेल आणि फक्त गुडघ्याने अडवलं असेल, तर त्या त्यांच्या ओळीतल्या नशीबवान निम्म्यांत असण्याची शक्यता जास्त. सर्जनला तीन प्रश्न विचारा: भुलीचा धोका आईंच्या तब्येतीला किती, नीट चालायला किती महिने लागतील, आणि शस्त्रक्रिया न केल्यास पडण्याचा धोका किती. या वयात खुब्याचं हाड मोडणं हा मोठा घाला असतो, म्हणून तिसरा प्रश्न विसरू नका. उत्तरं आईंच्या समोर ऐका, आणि शेवटी हो किंवा नाही त्यांनाच म्हणू द्या.