आजेसासूबाईंचं कपाट पांढरं करू का?

प्रश्न : शुक्रवार पेठेतला वाडा पाडला तेव्हा आजेसासूबाईंचं सागवानी कपाट आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आलं. पॉलिश काळं पडलंय, आतल्या फळ्यांना कोणीतरी कधीकाळी हिरवा ऑइलपेंट फासलाय. खोली लहान, त्यात हे धूड. मला ते पांढरं करायचंय. सासूबाई म्हणतात, "सागाला रंग? त्यापेक्षा जुन्या बाजारात देऊन टाक." नवरा दोघींनाही "हो" म्हणतो. ताई, रंगवू का? आणि टिकेल का? (एक वाचक, कर्वेनगर)

उत्तर : आधी कपाट धुवा, मग भांडा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, फडकं घट्ट पिळून, एकदा पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. वाड्यातलं कपाट म्हणजे निम्मा चुलीचा धूर आणि निम्मे हात. मुठीभोवतीचा काळा डाग बघा, तिथे तीन पिढ्यांचं खोबरेल तेल असेल. धुतल्यावर आतून तांबूस साग डोकावला तर सासूबाई जिंकल्या असं समजा.

नाहीच डोकावला, तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून दाराच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी घासा. बोळा तपकिरी झाला आणि लाकूड चिकट लागलं, तर ते चपडी लाखेचं पॉलिश. त्या काळच्या कपाटावर बहुतेक तेच असतं.

या पॉलिशवर थेट ऑइलपेंट मारू नका. मी मारलाय. आजीचा चौरंग, जुलै महिना, गणपतीला लाल-चुटूक दिसावा म्हणून एकच जाड हात. वरून सुकल्यासारखा वाटला. उत्तरपूजा झाली, यजमानांनी मूर्ती उचलली, मी चौरंगावरचं कापड उचलायला गेले तर कापडाबरोबर चौरंगच वर आला. ओढून सोडवलं तेव्हा तळहाताएवढा रंगाचा पापुद्रा कापडाला, आणि खाली आजीचं पॉलिश जसंच्या तसं, चकचकीत. आमच्याकडे अजून गणपतीत कुणीतरी हा विषय काढतंच.

झालं काय होतं, तर गुळगुळीत, मेणचट पॉलिशला रंगाने धरायला जागाच नव्हती. जाड थराला वर साय धरली आणि आतलं ओलंच राहिलं. पुण्याचा पाऊस मुंबईएवढा नसतो हे खरं, पण रंगाला तेवढाही पुरतो. तेव्हा दसऱ्यापर्यंत थांबा. ऑक्टोबरच्या उन्हाला आपण शिव्या घालतो, रंगकामाला मात्र तो महिना सोन्यासारखा.

आता करायचं कसं. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलकं घासून फक्त चकाकी मारा. लाकूड उघडं पाडायचं नाही. मग बोहरी आळीतून १०० ग्रॅम चपडी आणि अर्धा लिटर स्पिरिट आणा, काचेच्या बरणीत एकत्र करून विरघळू द्या आणि बरणी न हलवता ठेवून द्या. मेण खाली बसतं. वरची नितळ लाख तेवढी अलगद ओतून घ्या. गढूळ तळ घेतलात तर वरचा रंग नीट धरणार नाही. तिचे दोन पातळ हात द्या, मध्ये तासभर थांबा. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवापुढचा दिवासुद्धा शांत झालेला हवा. स्पिरिट चटकन पेट घेतं.

हा खटाटोप पांढऱ्या रंगासाठीच. सागातला तपकिरी अंश पाण्यातल्या रंगातून वर येतो आणि महिन्याभरात पांढऱ्या कपाटावर चहा सांडल्यासारखे डाग दिसतात. लाख तो अडवते. शिवाय ती मध्ये असली की रंग लाकडाच्या रंध्रांत शिरत नाही. उद्या तुमच्या सुनेला साग आवडला तर तिला तो सोडवता येईल. हे सासूबाईंना जरूर सांगा. मग २२० चा पेपर हलकाच फिरवून पाण्यातल्या इनॅमलचे दोन पातळ हात.

दारं मात्र मी असते तर रंगवली नसती. दाराचा मधला फळा चौकटीच्या खाचेत सैल बसवलेला असतो, पावसात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. मे महिन्यात कडेने बिनरंगाची तपकिरी पट्टी बाहेर येते आणि सगळी मेहनत कळकट दिसते. बाजू पांढऱ्या, दारं सागाची, असं करून बघा. खोलीही उजळेल.

हिरव्या फळ्यांना कोरडा पेपर अजिबात लावू नका. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचा हिरवा त्याच्या कितीतरी आधीचा. वॉटरपेपर ओला करून हलक्या हाताने घासा, चिखल ओल्या फडक्याने टिपा, फडकं फेकून द्या. घरात लहान मूल किंवा कुणी गरोदर असेल तर त्या दिवशी त्यांना माहेरी, मावशीकडे, कुठेही पाठवा. रंग पोपडे धरून सुटत असेल तर घासूच नका, सरळ फळ्या बदला.

प्रश्न : लोखंडी कपाटाला खालून गंज चढलाय. वरून रंग दिला तर चालेल? (एक आजोबा, धनकवडी)

उत्तर : नाही, आजोबा. गंज रंगाखाली वाढतच राहतो. तारेच्या ब्रशने तो खरवडा, धूळ पुसा, त्याच दिवशी रेडऑक्साइडचा हात द्या, मग ऑइलपेंट. आणि गंज खालूनच का चढला ते बघा. रोज फरशी पुसताना पाणी पायांशी साचत असणार. पायांना रबरी बूट घाला, आणि पुसणाऱ्या बाईंना तिथे फडकं पिळून घ्यायला सांगा.