रेघ कुठे मारायची

प्रिय,

तुझ्या मंडळात असहिष्णू माणसाला सहन करायचं का, याचं उत्तर तुला हो किंवा नाही असं एका शब्दात हवं आहे. तसं देता येणार नाही. रेघ कुठे मारायची, ते मात्र बरंच नेमकं सांगता येतं.

‘अशांना बोलूच देऊ नका’ हे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्या नावावर खपवलं जातं. ‘द ओपन सोसायटी अँड इट्स एनिमीज’ या त्यांच्या १९४५च्या पुस्तकातल्या तळटीपेत तसं नाही. जोवर युक्तिवादानं उत्तर देता येतं आणि लोकमत आवर घालतं, तोवर तोंड दाबणं शहाणपणाचं नाही, असं ते म्हणतात. बळाचा हक्क ते राखून ठेवतात तो वाद ऐकायलाच नकार देणाऱ्यांसाठी, अनुयायांना मुठीनं किंवा पिस्तुलानं उत्तर द्यायला शिकवणाऱ्यांसाठी.

म्हणून माणूस बाजूला ठेव आणि वाक्य तपास. ‘त्यांची श्रद्धा खुळचट आहे’ हे मत झालं. कानाला कितीही टोचलं तरी त्याला उत्तर द्यायचं. ‘त्यांना सभासद करू नका’ हा प्रस्ताव. कारणं मागायची आणि खोडून काढायची, पण कुणाचा समान हक्क मताला टाकायचा नाही. ‘ती पुन्हा आली तर बघून घेऊ’ ही धमकी. इथे चर्चा संपली. एकच माणूस दहा मिनिटांत ही तिन्ही वाक्यं बोलू शकतो. कारवाई तिसऱ्यावर कर, पहिल्याचा राग त्यात मिसळू नकोस.

नियम भांडणाआधीच लिहून ठेव. भांडणानंतर केलेला नियम सूडासारखा दिसतो, आणि बहुधा असतोही. शब्द जसेच्या तसे टिपून ठेव, तारीख, वेळ आणि ऐकणाऱ्या दोघांची नावं यांसह. जिला धमकी मिळाली तिच्याशी आधी बोल, देणाऱ्याशी नंतर. मग लेखी ताकीद, पुन्हा घडलं तर ठरावीक मुदतीचं निलंबन, आणि दाद मागायची सोय तुझ्याकडे नको, दुसऱ्या कुणाकडे हवी. मारहाणीची उघड धमकी असेल तर या पायऱ्या चढत बसू नकोस, सरळ पोलिसांकडे जा.

धोक्याचा अंदाजही घ्यायला शीक. जर्मनीच्या घटना न्यायालयानं २०१७ मध्ये एनपीडी या अतिउजव्या पक्षावर बंदी घालायला नकार दिला. उद्दिष्टं घटनाविरोधी आहेत, हे न्यायालयानं मान्य केलं. पण ती तडीस नेण्याइतकं बळ पक्षाकडे दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. हा विवेक मला फार मोलाचा वाटतो. बंदी घातली की दुबळ्यालाही हुतात्मा व्हायला मिळतं.

चूक दोन्हीकडून होते. न पटणाऱ्या प्रत्येकावर ‘असहिष्णू’ शिक्का मारला की महिन्याभरात तो शब्द बोथट होतो. उलट ‘सगळ्यांचं ऐकू या’ म्हणत बसलं की ज्यांच्यावर रोख असतो ते तक्रार न करता यायचे थांबतात, आणि तुला वाटत राहतं की सगळं शांत आहे. तेव्हा पुढच्या बैठकीआधी हजेरीची वही काढ. गेल्या तीन बैठकांत कोण गप्प झालं, कोण आलंच नाही, ते बघ आणि त्यांना स्वतः फोन कर.