भाड्याच्या घरातला गळका नळ: भिंतीच्या आतलं कुणाचं, बाहेरचं कुणाचं?

तुमचा प्रश्न असा: बाथरूममधले दोन नळ गळतात, गरम पाण्याचा तर कितीही पिळला तरी बंद होत नाही, आणि मालक "तुमचं तुम्ही बघा" म्हणून फोन ठेवतात. मग खर्च कुणी करायचा आणि सुरुवात कुठून करायची?

मी पुण्यात अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर चार घरं बदलली. चारही घरांत काही ना काही गळत होतं. त्यातून माझा एक ढोबळ नियम तयार झालाय: भिंतीच्या बाहेर जे दिसतं ते आपलं, भिंतीच्या आत जे आहे ते मालकाचं. म्हणजे वॉशर, स्पिंडल (चावीखालचा फिरणारा आतला भाग), तोंडाची जाळी, फार तर अख्खा नळ हे आपण उरकून टाकायचं. पण टाइलमागचा एल्बो, म्हणजे पाइपचा वाकडा सांधा तुटला, पाइपच सडला किंवा खालच्या घराच्या छताला ओल आली, तर पैसे आणि धावपळ दोन्ही मालकाची.

हा नियम अगदीच माझ्या मनचा नाही. केंद्राने २०२१ मध्ये भाड्याच्या घरांसाठी जो आदर्श कायदा केला, त्याच्या शेवटी कुणी काय दुरुस्त करायचं याची यादी आहे. नळ आणि वॉशर बदलणं भाडेकरूकडे, पाइप बदलणं मालकाकडे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर. अर्थात तो राज्यांसाठी नमुना आहे. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा चालतो, आणि आपण लिव्ह अँड लायसन्सवाले, म्हणजे मालकाच्या परवानगीने ठरावीक मुदतीपुरते राहणारे, त्यामुळे शेवटी नोंदणी केलेल्या करारात काय लिहिलंय त्यालाच महत्त्व. तो काढून वाचा. बहुतेक करारांत किरकोळ दुरुस्ती आपल्या माथी मारलेली असते. "किरकोळ" म्हणजे काय, ते मात्र कुणीच लिहीत नाही. म्हणून भांडण तिथेच होतं.

मालकाशी बोलताना "नळ गळतोय" एवढंच सांगू नका. धायरीच्या घरी मी पहिल्यांदा तसंच केलं, तर मालककाका म्हणाले, "अहो, तुम्ही येईपर्यंत चांगला होता!" मग एका रात्री अकरा वाजता वीस लिटरची बादली नळाखाली लावली. सकाळी सहाला ती निम्मी भरली होती. सात तासांत दहा लिटर, म्हणजे दिवसाला साधारण चौतीस, महिन्याला हजार लिटर. बादलीचा फोटो आणि एवढा एक हिशेब व्हॉट्सॲपवर पाठवला. टँकर मागवणारी सोसायटी होती, आणि काका सोसायटीच्या कमिटीवर. अर्ध्या तासात फोन आला, "प्लंबर बोलवा, भाड्यातून वळते करून घ्या." हे वाक्यही त्यांना लिहूनच पाठवायला सांगा, तोंडी नको. नाहीतर पुढच्या महिन्यात आठवण राहत नाही.

गरम पाण्याच्या नळाची मात्र आज-उद्या करू नका. टाकीवाला गिझर असेल आणि चालू राहत असेल, तर गळून गेलेल्या प्रत्येक लिटरमागे तेवढंच गार पाणी आत शिरतं आणि कॉइल पुन्हा तापते. पाण्याचं राहू द्या, विजेचं बिल आपल्याच नावावर येतं.

आता हात लावण्याआधी नळ कुठल्या जातीचा ते बघा. चार-पाच वेळा फिरवून बंद होणारा असेल तर तो वॉशरचा. तोटीतून ठिबकत असेल तर आतला रबरी वॉशर कडक झालाय किंवा चिरलाय. दहा रुपयांची वस्तू. आपण काय करतो, तर आणखी जोर लावून पिळतो. त्याने वॉशर आणखी कापला जातो आणि तो ज्या पितळी कडेवर बसतो तिच्यावरही चरे पडतात. मग नवा वॉशर टाकूनही गळती थांबत नाही. नळ चालू केल्यावर वर चावीच्या मुळातून पाणी येत असेल, तर वॉशरचा दोष नाही, चावीच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग गेलंय. कधीकधी वरचं नट पान्याने जरासं आवळलं तरी भागतं. आणि पाव फेऱ्यात चालू-बंद होणारा नळ असेल तर आत सिरॅमिकच्या चकत्या असतात, तिथे वॉशरचा खेळ नाही. अख्खं स्पिंडल काढायचं, ते हातात घेऊन दुकानात जायचं आणि तसंच दुसरं मागायचं. फोटो दाखवून आणू नका, दात्यांची संख्या कंपनीगणिक वेगळी असते. मी दोनदा परत गेलोय.

धार बारीक झाली असेल तर नळ खराब नसेलही. बोअरच्या पाण्याचे क्षार तोंडाच्या जाळीत बसतात. जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की सकाळी जुन्या ब्रशने पांढरा थर सुटतो. संडास साफ करायचं ॲसिड नळाला लावू नका, चकाकी निघून जाते आणि डिपॉझिटमधून नळाचे पैसे कापले जातात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाथरूमचा व्हॉल्व्ह. तो कुठे आहे ते आधी शोधा, आणि तो खरंच बंद होतो का ते बघा. माझी फजिती इथेच झाली. एका रविवारी डक्टमधला, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या पोकळीतला व्हॉल्व्ह फिरवला, तो गोल गोल फिरला, मला वाटलं झाला बंद. नळ उघडून बघायचं सुचलं नाही. पान्याने तीन आटे सोडवले आणि नळ हातात आला, मागोमाग पाण्याचा लोट छातीवर. बायकोने अंगठा लावून धरला, मी ओल्या बनियनवर चार मजले चढून गच्चीवर. तिथे एकसारखे सोळा व्हॉल्व्ह, एकावरही नंबर नाही. आमचा सापडेपर्यंत तीन घरांचं पाणी बंद करून झालं होतं, त्यातले एक आजोबा अंगाला साबण लावून बसलेले.

तेव्हापासून घरात एक "डमी" ठेवतो. नळाच्या जागी बसणारं प्लास्टिकचं बूच, अर्ध्या इंची, दहा-पंधरा रुपयांना मिळतं. नळ निघाला, नवा बसत नाही, दुकान बंद, अशा वेळी डमी लावून व्हॉल्व्ह उघडता येतो. सोबत टेफ्लॉन टेपचं एक रीळ. टेप आट्यांवर नळ ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने गुंडाळा, उलटी गुंडाळली तर आवळताना सुटून येते.

एक ठिकाण असं आहे की तिथे थांबायचं. नळ सोडवताना तो भिंतीतून हलतोय, करकर आवाज येतोय, किंवा इमारत जुनी आहे आणि आत लोखंडी पाइप आहेत, असं वाटलं तर पाना खाली ठेवा. आतला एल्बो फुटला तर टाइल फोडावी लागते, आणि "तुम्ही हात लावला म्हणून फुटला" हे मालकाचं म्हणणं खोडून काढायला तुमच्याकडे काही नसतं. अशा नळाचा व्हिडिओ काढून आधी मालकांना पाठवायचा आणि प्लंबर त्यांच्याच माहितीतला बोलवायचा.

अख्खा नळ बदललात तर जुना फेकू नका. पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. धायरीचं घर सोडताना काकांनी नव्या चकचकीत नळाकडे बघितलंही नाही. "आमचा पितळी कुठाय?" एवढंच विचारलं. मी पिशवी काढून दिली. त्यांनी नळ हातात तोलला, चावी दोनदा फिरवून पाहिली आणि डिपॉझिटचा पूर्ण चेक लिहिला.