शेवटच्या शहरांत का बिनसतं?

सुट्ट्यांचा हंगाम संपला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या जोडप्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते. "ट्रिप फार छान चालली होती हो, पण शेवटचे दोन-तीन दिवस नुसती भांडणं." आधी डोंगर, समुद्र किंवा एखादं शांत गाव असतं आणि तिथे दोघं मजेत असतात. मग परतीच्या आधी एक-दोन मोठी शहरं येतात. विमान तिथूनच असतं आणि एवढे आलोच आहोत तर तीही पाहून घ्यायची असतात. तिथे ठिणगी पडते. घरी आल्यावर दोघांच्याही मनात एकच भुंगा असतो: आपलं खरं नातं कोणतं? डोंगरात होतं ते, की शहरात दिसलं ते?

ही काळजी इतक्यांदा ऐकली आहे की आता तिच्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं. सोबत एका जोडप्याची गोष्ट सांगते. दोघांनी परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

लग्नाला बरीच वर्षं झालेलं हे जोडपं. पहिला आठवडा स्वित्झर्लंडमध्ये, इंटरलाकेनच्या परिसरात. नंतर दोन दिवस पॅरिस, दोन दिवस लंडन आणि लंडनहून परत. तयारी सगळी त्याची. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा वेगळा, ब्रिटनचा वेगळा, हे कागदपत्रांचं जंजाळ त्याने एकट्याने निस्तरलं होतं. पहिल्या भेटीत दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसले.

ती म्हणाली, "मॅडम, पॅरिसमध्ये मला नवरा नव्हता, टूर मॅनेजर होता."

तो म्हणाला, "आणि मला बायको नव्हती, सामान होतं. ओढत न्यावं लागत होतं."

इतकं बोचरं बोलून दोघंही गप्प झाले, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर बोलल्याचा पश्चात्ताप दिसला. तो दिसला की मी निर्धास्त होते. एकमेकांना लागेल असं बोलल्याचं वाईट वाटतंय, तोवर काम करायला भरपूर जागा असते.

मी त्यांना आधी डोंगरातल्या दिवसांबद्दल विचारलं. जोडप्यांना हे विचित्र वाटतं, कारण तिथे काही बिघडलेलंच नसतं. पण उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं. त्याच भागातलं युंगफ्राउयोख हे डोंगरातलं रेल्वे स्थानक ३४५४ मीटर उंचीवर आहे. तिथे रेल्वेने जायचं, बर्फ बघायचा, त्याच रेल्वेने खाली यायचं. ढग आले तर बसून राहायचं. म्हणजे दिवसाकाठी फार तर एक-दोन निर्णय, बाकीचे डोंगर आणि हवामान घेऊन टाकतात. मोठ्या शहरात दर तासाला निवड करावी लागते. आधी हे की ते, चालत की मेट्रोने, रांगेत उभं राहायचं की सोडून द्यायचं, खायला आत्ता थांबायचं की पुढे. दोघांच्या आवडीत आणि दमात फरक तर सगळ्याच जोडप्यांत असतो. डोंगरात तो पुढे येतच नाही, शहरात दिवसभर येत राहतो. त्यामुळे डोंगरातलं नातं खरं की शहरातलं, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. नातं तेच असतं, शहरात त्याला काम जास्त पडतं.

त्यात थकवा. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे एक अधिकारी बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ मध्ये संग्रहालयातल्या थकव्यावर लिहिलं होतं. वस्तू नीट दिसाव्यात म्हणून माणसाला किती वाकावं आणि मान वेळावावी लागते, याचे फोटोच त्यांनी काढून घेतले होते. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी लोक संग्रहालयात चार तास काढून बाहेर येतात आणि आपण का चिडलोय हे त्यांना कळत नाही. त्याआधी आठवडाभर उलथापालथ झालेली झोप, बॅगांची बांधाबांध आणि पुढे परतीचा लांबचा प्रवास. या अवस्थेत फुटपाथवर उभं राहून जे बोललं जातं, त्यावरून जोडीदाराचं प्रेम मोजू नये, हे मी फार ठामपणे सांगते.

पण थकवा हे अर्धंच उत्तर. थकलेली सगळीच माणसं भांडत नाहीत.

दुसऱ्या अर्ध्यासाठी मी त्याला, शहरांत काय काय बघायचं याची त्याने केलेली यादी आणायला सांगितली. लॅपटॉपवर रंगीत रकाने होते. पॅरिसमधली दोन संग्रहालयं, लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी बंद, म्हणून दिवसांची अदलाबदल केलेली. कुठल्या ठिकाणाहून कुठे जायला किती मिनिटं, कुठे वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं, सगळं. काही ओळींपुढे एक छोटी खूण होती.

"ही खूण कशाची?" मी विचारलं.

तो घुटमळला. "ते... तिला बघायचं होतं ते."

"मला?" ती पुढे झुकली.

रोझेटा शिला. ग्रिनिचची रेखावृत्ताची पट्टी. ओर्सेमधलं व्हॅन गॉगचं दालन. तिने कधीकाळी, लग्नाच्या सुरुवातीच्या वर्षांत, कुठे कुठे बोलता बोलता म्हटलेलं. ती विसरूनही गेली होती. त्याने यादीत आणून ठेवलं होतं आणि तिला सांगितलं मात्र नव्हतं. ज्या यादीने तिला फरफटत नेलं असं ती म्हणत होती, त्या यादीत निम्म्याच्या आसपास तीच होती.

मला वाटलं गाठ सुटली. पण ती रडवेली होऊन म्हणाली, "मग तू एकदा तरी माझ्यासोबत का नाही थांबलास?" आणि तिने मोनालिसाच्या दालनातली गोष्ट सांगितली.

दोघं आत शिरले तेव्हा प्रचंड गर्दी होती. तो म्हणाला, "तू नको उभी राहूस, तुझे पाय दुखतायत. मी पटकन फोटो काढून येतो." तो रांगेत गेला. ती बाजूला झाली आणि वळून उभी राहिली, तर समोरच्या भिंतीवर एवढं थोरलं चित्र. इटालियन चित्रकार व्हेरोनेझेने १५६३ मध्ये पुरं केलेलं ‘कानातलं लग्न’. काना म्हणजे बायबलमधलं गाव. तिथल्या लग्नात मद्य संपतं आणि येशू पाण्याचं मद्य करतो, ती कथा. चित्र जवळजवळ दहा मीटर रुंद आहे, लूव्रमधलं सगळ्यात मोठं. मोनालिसा ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद. त्या छोट्या चित्रासाठी फोन उंचावलेल्या सगळ्या गर्दीची पाठ या प्रचंड लग्नाकडे होती.

"मी ते लग्न बघत उभी होते," ती म्हणाली. "शंभरावर माणसं असतील त्यात. कुत्री आहेत, वादक आहेत. इतकं छान वाटत होतं मला, की वाटलं हा आला की याला दाखवू. हा आला, म्हणाला, चल, अजून दोन राहिलीत."

तो गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाला, "कुठलं चित्र?"

खोलीत कोणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने पुढे होऊन अर्थ सांगायचा नसतो, माझ्या कामातला हा संयम मी जपून ठेवला आहे. तिने फोन काढला, चित्र शोधलं आणि सोफ्याच्या मधल्या रिकाम्या जागेत सरकून त्याच्यासमोर धरलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग एवढंच म्हणाला, "तू म्हणाली असतीस तर थांबलो असतो गं."

ती म्हणाली, "आणि तू सांगितलं असतंस की यादी माझीपण आहे, तर मी चालले असते."

त्यांना हे इतक्या साध्या शब्दांत सापडलं याचा मला फार आनंद आहे, कारण मी ज्या विचारपद्धतीने काम करते तिचा गाभाच हा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ही पद्धत सांगते की घटनेने माणूस जितका पेटतो, त्याहून जास्त तो त्या घटनेबद्दलच्या स्वतःच्या हट्टाने पेटतो. आपली इच्छा असते, ती रास्तही असते. पण मनातल्या मनात आपण तिचा हुकूम करतो. त्याची इच्छा होती जमेल तितकं पाहावं, आणि हुकूम झाला की पुन्हा येणं होणार नाही, तेव्हा एकही गोष्ट सुटता कामा नये. तिची इच्छा होती शेवटचे दिवस निवांत एकमेकांबरोबर जावेत, आणि हुकूम झाला की प्रेम असेल तर हे न सांगता त्याला कळलंच पाहिजे. दोघांचे हुकूम मनातच राहिले, म्हणून मोडल्यावर समोरच्याला गुन्हा काय तेही कळलं नाही.

आणखी एक गोष्ट मला या कामातून उमगली आहे आणि ती मी कुठे वाचलेली नाही. सुट्टी संपत आली की माणसं दोन तऱ्हांनी तिचा निरोप घेतात. काहींना हातातून सुटणारं सगळं गोळा करून घ्यायचं असतं. काहींचं मन आधीच घराकडे वळलेलं असतं आणि त्यांना शेवटचे तास रिकामे हवे असतात. दोन्हींच्या मुळाशी सुट्टी संपल्याची हुरहुरच असते. पण बाहेरून एक अधाशी दिसतो आणि दुसरा निरुत्साही. आपला जोडीदार कुठल्या तऱ्हेचा, हे निघायच्या आधी विचारून ठेवावं. "शेवटच्या दोन दिवसांचं तुझ्या डोक्यात चित्र काय आहे?" हा माझा ठरलेला प्रश्न आहे, आणि तो घरी, पोट भरलेलं असताना विचारायचा.

त्या उत्तरांवरून दिवस आखा. मी सांगते, दिवसाला वेळ ठरवून काढलेलं तिकीट एकच असू द्या. बाकीचं मिळालं तर मिळालं. प्रत्येकाने आपली एक न सोडण्याची गोष्ट मोठ्याने सांगावी आणि दुसऱ्याने तिथे मनापासून सोबत करावी, उपकार केल्यासारखी नाही. संग्रहालयात दीड-दोन तासांनी बसायचंच. भूक लागण्याआधी खायचं. रांगेत उभं असताना पुढचं काय, यावर चर्चा करायची नाही.

आणि वेगळं व्हायला घाबरू नका. दोन-तीन तास त्याने किल्ला बघावा, तिने नदीकाठी फिरावं. आमच्याकडे जोडप्यांना याचं फार दडपण येतं, एवढ्या लांब येऊन वेगवेगळं फिरायचं म्हणजे काहीतरी बिनसलं असं वाटतं. या दोघांनी लंडनमध्ये तेच केलं होतं, तो टॉवर ऑफ लंडनचा किल्ला बघायला गेला आणि ती थेम्सच्या काठाने चालत राहिली, पण रागावून. तेच आधी ठरवून, भेटायची जागा आणि वेळ पक्की करून केलं, तर संध्याकाळी एकमेकांना सांगायला दोघांकडे काहीतरी असतं. रागाने वेगळं झालेली माणसं संध्याकाळी फक्त राग घेऊन परततात.

आता त्या मूळ काळजीकडे. शेवट बिघडला म्हणजे सगळी सुट्टी वाया गेली का? मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंशांच्या गार पाण्यात हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं. पुन्हा करायचं झालं तर कुठलं, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. शेवटाला आपली आठवण जास्त वजन देते, ते हे असं. पण हा नियम पुढे लोकांच्या खऱ्याखुऱ्या सुट्ट्यांवर तपासला गेला तेव्हा तितका चपखल बसला नाही. अनेक दिवसांची आठवण एका संध्याकाळीवर ठरत नाही. शिवाय सुट्टीची आठवण परतल्यावरही घडत राहते, आपण ती कशी सांगतो त्यावर. या दोघांनी परतल्यानंतर कित्येक आठवडे फोटो उघडले नव्हते. मी त्यांना ते एकत्र बसून बघायला सांगितलं, डोंगरातलेही आणि शहरातलेही, आणि प्रत्येक फोटोवेळी आपल्या मनात काय चाललं होतं ते सांगायचं. पुढच्या भेटीला ती सांगत आली की त्याचा मोनालिसाचा फोटो हललेला आहे. ती हसत होती. तोही.

पुढच्या सहलीची यादी दोघांनी मिळून केली आहे. खुणांचे दोन रंग आहेत आणि शेवटचा दिवस कोरा. तो कोरा ठेवायची कल्पना त्याची.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगायला हवी. हे सगळं अशा जोडप्यांसाठी आहे, जी घरी बऱ्यापैकी ठीक असतात आणि प्रवासाच्या शेवटी घसरतात. चारचौघांत अपमान करणं, जोडीदाराचा पासपोर्ट आणि पैसे आपल्याच ताब्यात ठेवणं, अनोळखी शहरात रागाने सोडून निघून जाण्याची धमकी देणं, काय बोलावं याची जोडीदाराला भीती वाटणं, हे थकव्याचं लक्षण नव्हे आणि याद्या सुधारून ते सुधारत नाही. तसं काही घडलं असेल तर परतल्यावर आधी एकट्याने समुपदेशकाला भेटा. जोडीने यायचं का, ते नंतर ठरवता येतं.