साहेबांचा हात गुलाबी होत नसतो

चि.,
अनेक आशीर्वाद.

‘साहेबांनी पैसे खाल्लेत हे अख्ख्या कोल्हापूरला ठाऊक आहे, पण छापता येत नाही,’ असं तू लिहिलंस. अख्खं कोल्हापूर म्हणजे बिंदू चौकातले चारजण. त्यांच्या बोलण्यावर बातमी उभी राहत नाही. शिवाय एवढ्या वरचा माणूस स्वतः पाकीट घेताना सापडेल ही आशा सोड. ते खालच्या पातळीवर. तिथं लाचलुचपत खात्याचा सापळा लागतो, नोटांना पावडर फासतात, द्रावणात बोटं बुडवली की पाणी गुलाबी होतं. मंत्र्यापर्यंत ती पावडर पोचतच नाही.

तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांचं सिमेंट प्रकरण मुळापासून वाच. १९८१ साल. सिमेंटवर सरकारी नियंत्रण, कोट्याशिवाय पोतं मिळायचं नाही. बिल्डरांना सिमेंट मिळत होतं आणि मुख्यमंत्र्यांनीच काढलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला त्यांच्याकडून देणग्या. त्याही चेकनं, रीतसर पावत्या फाडून! लपवाछपवी म्हणावी तर कागद समोरच. देणगी आणि सिमेंट यांचा एकमेकांशी संबंध आहे, असं मुंबई हायकोर्टानं जानेवारी १९८२ मध्ये म्हटलं आणि अंतुल्यांची खुर्ची गेली. (२००६ मध्ये तेच केंद्रात मंत्री झाले. तुझ्या बातमीनं कुणी कायमचा घरी बसेल असं धरून चालू नकोस.)

तेव्हा तारखांच्या मागं लाग. साहेबांची शिक्षणसंस्था ट्रस्ट असेल तर तिचे हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल होतात, त्याच्या नकला माग. ठेकेदारांना मिळालेल्या सरकारी कामांच्या वर्कऑर्डर, मुदतवाढ, बिलं, झालेल्या कामाची मापं लिहिलेलं मोजमाप पुस्तक माहिती अधिकारात माग. १० रुपये फी, ३० दिवस मुदत. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. मग वहीत दोन रकाने आख : देणगी कधी आली, काम कधी मिळालं. ठेकेदार स्वतःच्या नावानं देणगी देईल इतका भोळा नसतो. बायको, मेव्हणा, भागीदार, सगळी नावं बघ. काम कंटाळवाणं आहे, डोळे जातात.

जुळलं तरी लगेच छापू नकोस. योगायोगही असतात. साहेबांना लेखी प्रश्न पाठव, पोच घे, उत्तर आलं तर जसंच्या तसं छाप. तोवर बंगल्यावरून जेवणाचं आवतण येईल. तांबडा-पांढरा झकास असतो म्हणतात तिथला. जाऊ नकोस.