विंडोज ११ वर 'मॉरोविंड' या जुन्या रोल-प्लेइंग गेमची डिजिटल आवृत्ती नीट चालते का? गॉग आणि स्टीम या ऑनलाइन गेम दुकानांपैकी कुठून घ्यावी?

चालते, आणि कुठूनही घ्या. दोन्हीकडे गेम ऑफ द इयर आवृत्तीच मिळते: २००२ चा मूळ गेम, शिवाय 'ट्रायब्युनल' आणि 'ब्लडमून' ही त्याची विस्तारं.

गॉगचा इन्स्टॉलर चालवताना 'प्रोग्राम फाइल्स' मात्र टाळा, सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करा. हा गेम सेव्ह आणि आयएनआय (सेटिंग्जची) फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितो. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये विंडोज लिहू देत नाही, किंवा त्या फाइल गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ढकलतं. मग सेव्ह शोधत बसा!

मूळ एंजिन ऑल्ट-टॅबवर कोसळू शकतं. त्यापेक्षा ओपनएमडब्ल्यू हे याच गेमसाठीचं मोफत मिळणारं नवं एंजिन टाका. त्याच्या विझार्डमध्ये आधीचं इन्स्टॉलेशन निवडून 'डेटा फाइल्स'मधली मॉरोविंड.ईएसएम दाखवली की काम झालं. एमजीई एक्सई (मूळ एंजिनचे ग्राफिक्स सुधारणारं साधन) लागणारे मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेले बदल, त्यात चालत नाहीत, हे आधीच लक्षात घ्या.

आणि वार लागत नाहीत म्हणून गेम बिघडलाय असं समजू नका. नेम कौशल्यावर आणि हिरव्या पट्टीवर, म्हणजे दमावर ठरतो. मेजर (मुख्य म्हणून निवडलेलं) कौशल्य ३० पासून सुरू होतं, न निवडलेलं ५ पासून. सुरुवातीला सेडा नीन या पहिल्याच गावातल्या कचेरीत मिळणारा लोखंडी खंजीर 'शॉर्ट ब्लेड' या कौशल्यात येतो. ते कौशल्य घेतलं नसेल आणि पळत जाऊन भिडलात, तर समोरचा साधा खेकडाही तुम्हाला लोळवेल. भिडण्याआधी थांबा, पट्टी भरू द्या.

नकाशावर कुठे जायचं ते दाखवणारे बाण नसतात. रस्ता जर्नलमध्ये, म्हणजे गेममधल्या नोंदवहीत वाचायचा.